चेलो घरात येण्याआधी

चेलोच्या सर्वांत जाड तारेचा स्वर 65 हर्ट्झचा आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास बोलतो. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच या दोन तारांत. ज्याने आयुष्यभर बैठकींत गवयाच्या मागे घुमणारा तो खर्ज ऐकला आहे, त्याच्यासमोर चेलोची मोकळी तार गजाने ओढली, तर तो बिचकत नाही. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय, असं त्याला वाटतं. याच ओळखीच्या बळावर मी हे पुस्तक लिहायला घेतलं.

चेलो हे साहेबाचं वाद्य, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे भेटतात. पण साहेबाची वाद्यं आपलीशी करण्यात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. पेटी युरोपातून आली आणि कीर्तनात जाऊन बसली. पायपेटीशिवाय संगीत नाटकाची कल्पना करता येत नाही. व्हायोलिन गजाननबुवा जोशी आणि डी. के. दातार यांच्या हातात इतकं गायकी अंगाचं झालं, की त्याचं मूळ गाव कोणतं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. चेलो मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. माझ्या मते त्यात दोष ना वाद्याचा, ना आपल्या कानाचा. व्हायोलिन पिशवीत घालून एसटीने नेता येतं. चेलो नेता येत नाही. शिवाय चेलो इथे आला तो वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत. एकट्याने, मांडी घालून, समोर दहा श्रोते घेऊन तो वाजवताही येतो हे आपल्याला फारसं कुणी दाखवलंच नाही. ज्यांनी दाखवलं, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी वाद्याची रचना पाहू. चार तारा, आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेशी षड्ज-पंचम भावात. खालच्या तारेला सा मानलं की तिच्या वरची प, त्या प ला सा मानलं की पुढची त्याची प. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला हा स्वरसंवाद कानात बसवायला वेळ द्यावा लागतो. ज्याने तानपुरा लावला आहे त्याला चेलो लावायला वेगळं काही शिकावं लागत नाही. पट्टीवर पडदे नाहीत, त्यामुळे मींड अडवणारं काही नाही. तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर शिट्टीसारखा स्वच्छ निघतो, तिसऱ्या हिश्श्यावर टेकवलं की त्याचा पंचम निघतो. तानपुऱ्यात कान देऊन जे स्वयंभू स्वर शोधायचे, ते इथे बोटाखाली सापडतात.

अडचण आहे ती अंतरांची. व्हायोलिनची बोलणारी तार साधारण 33 सेंटिमीटरची, चेलोची 69 च्या आसपास. चेलोवर मोकळ्या तारेच्या सा वरून शुद्ध रे गाठायचा तर तारेच्या टोकापासून साडेसात सेंटिमीटर खाली यावं लागतं. म्हणून इथे पंजा उघडावा लागतो, आणि सप्तक पुरं करायचं तर हात जागा सोडून सरकवावा लागतो. हे सरकणं म्हणजेच चेलोची निम्मी विद्या. डोळ्यांनी जागा दिसत नाही; कोपर किती उघडलं, अंगठा वाद्याच्या मानेच्या कुठल्या वळणाशी आला, यावरून हाताला ती कळते. गवयाच्या गळ्यात स्वराची जागा जशी असते, तशी चेलोवादकाच्या दंडात असते.

इतिहास मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण तो इतरत्र भरपूर मिळतो. सोळाव्या शतकातल्या इटलीत, क्रेमोना गावच्या आंद्रेआ अमातीच्या पिढीत हे वाद्य आकाराला आलं. दीड-दोनशे वर्षं ते साथीला खालचा सूर धरत राहिलं. बाखने 1720 च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा स्वीट लिहिले आणि ते जवळजवळ विसरले गेले. चेलोवादक पाब्लो कासाल्सला वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची प्रत सापडली. वर्षानुवर्षं रियाज करून त्याने ते मैफिलीत आणले आणि 1936 ते 1939 या काळात ध्वनिमुद्रित केले. एका माणसाच्या रियाजाने वाद्याची प्रतिष्ठा बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. चेलो जमिनीवर ज्या सळईवर टेकतो, तिचा प्रसार एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या सर्व्हे या चेलोवादकाने केला. त्याआधी वादक तो पोटऱ्यांत धरून वाजवत.

आपल्याकडची गोष्ट गोव्यापासून सुरू होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि तंतुवाद्यं वाजवायला शिकवत. तिथे तयार झालेली माणसं पोटासाठी मुंबईत आली. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, 1962 मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला. पण पोट भरलं ते सिनेमाने. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांसाठी व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्या रांगा लिहिल्या. लताबाईंचा आवाज वर तरंगतो आणि खाली काहीतरी गडद, मखमली हलत राहतं, ते बहुतेक वेळा चेलो असतात. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि 1958 मध्ये रागसंगीत आणि सिम्फनी एकत्र आणणारा स्वतःचा वाद्यवृंदही उभा केला. मराठी घरांत रेडिओवर चेलो रोज वाजत होता. वाजवणाऱ्याचं नाव तबकडीवर नव्हतं, म्हणून वाद्याचं नावही कुणाला कळलं नाही. पुढे सिंथेसायझर आले, रांगा रिकाम्या झाल्या. मुलाने आपला चेलो पुढे चालवावा असं बापाला वाटावं, असं त्या धंद्यात काही उरलं नाही. 2006 मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा त्यातले बहुसंख्य वादक बाहेरच्या देशांतून आणावे लागले. एक पूर्ण पिढी मध्ये गळाली होती.

पण मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट पनवेलजवळच्या पळस्प्याची आहे. हिंजवडीहून मुंबईला जाताना द्रुतगती मार्ग जिथे संपत येतो, त्याच्या अलीकडे-पलीकडेच हे गाव आहे. इथे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं ध्रुपदाचं गुरुकुल. डागरसाहेब रुद्रवीणेचे. आलाप आणखी संथ, आणखी खोल जावा, स्वर जास्त वेळ तगावा, म्हणून त्यांनी आपल्या वीणेची दांडी आणि भोपळे मोठे करून घेतले होते. त्यांच्याकडे नॅन्सी लेश नावाच्या अमेरिकन चेलोवादक बाई ध्रुपद शिकल्या. चेलो पाश्चात्त्य पद्धतीने शिकून त्या आल्या होत्या, आणि इथे खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या. वीणेवर छेडलेला स्वर हळूहळू विझतो. मींड त्या विझण्याच्या आत पुरी करावी लागते. गजाला ते बंधन नाही. मंद्र सप्तकातला एखादा कोमल ऋषभ षड्जाकडे किती सावकाश उतरू शकतो, हे त्यांचा आलाप ऐकताना समजतं. 1990 मध्ये डागरसाहेब गेले. त्यांच्या या शिष्येचं वादन ऐकल्यावर चेलोला भारतीय संगीत झेपेल का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दुसरं नाव सास्किया राव-द हास यांचं. त्या मूळच्या नेदरलँड्सच्या, रॉटरडॅममध्ये पंडित हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या आणि दिल्लीत स्थायिक झाल्या. त्यांनी वाद्यातच बदल केला. त्यांचा चेलो जरा लहान आहे, मांडी घालून वाजवता येतो. वाजवायच्या तारा चारच्या पाच, आणि खाली सारंगीसारख्या दहा तरफा. मी स्वतः मूळ चेलोवरच राहिलो, कारण मला बाखही हवा होता. पण ज्याला रागच वाजवायचे आहेत, त्याने सुरुवात करण्याआधी या दोघींना पोटभर ऐकावं. आपल्याला कुठल्या वाटेने जायचं आहे ते पहिल्याच वर्षी ठरलेलं बरं, कारण बसण्यापासून सगळंच त्यावर ठरतं.

आता हिंजवडी. या गावाबद्दल बोलताना लोक आधी चौक मोजतात. एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवण्याआधी इथे भाताची खाचरं होती, आणि चैत्रात म्हातोबाचं बगाड निघायचं ते आजही निघतं. माण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारतींत देशभरातून आलेली माणसं राहतात. त्यांतल्या कित्येकांना तिशी-पस्तिशीत वाटायला लागतं, की कामाखेरीज हाताने काहीतरी करावं. गिटार येते, कीबोर्ड येतो. चेलो क्वचित येतो. आला की पहिला प्रश्न गुरूचा. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला कॅम्पात मझदा हॉल आहे, पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम आहेत. पण शनिवारी संध्याकाळी भूमकर चौकातून बाहेर पडून कॅम्प गाठणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोकडे आम्ही डोळे लावून बसलो, त्याचं माझं एक कारण चेलो हेही होतं. दुचाकीवर तो जात नाही. रिक्षात जातो, पण मग माणसाला अंग चोरून बसावं लागतं. विमानात तर त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं.

गुरूला पर्याय नाही, हे मी या पुस्तकात जागोजागी म्हटलं आहे. पडद्यावरून शिकवणारे चांगले शिक्षक आज आहेत, आणि हिंजवडीत राहणाऱ्याला आठवड्यातून एकदा त्यांचाच आधार. पण गज धरलेल्या हाताला शिक्षकाने स्वतःच्या हाताने वजन देऊन दाखवावं लागतं. नवशिका दाबतो. दाबला की तार गुदमरते, खरखरते. दाबायचं नसतं, दंडाचं वजन गजात सोडायचं असतं. अंगठा वाकलेला, मनगट सैल, खांदा खाली, आणि सगळा हात तारेवर नुसता टेकलेला. ते एकदा जमलं की खालच्या तारेचा आवाज बरगड्यांत जाणवतो, कारण वाद्याची पाठ छातीला टेकलेली असते. स्वर कानाआधी हाडांना कळावा, असं सुख देणारी वाद्यं फार नाहीत. महिन्यातून एकदा तरी प्रवास करून प्रत्यक्ष गुरूसमोर बसावं, असं मी आग्रहाने सांगतो.

आणि मग पावसाळा. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण पावसाळ्यावर आहे. युरोपातल्या पुस्तकांत ते असूच शकत नाही, आणि आपल्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे. चेलोची पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, पट्टी एबनीची. ही सगळी लाकडं सरसाने जोडलेली असतात, आणि तो सरस मुद्दामच लाकडापेक्षा कच्चा ठेवलेला असतो. हवा बदलली, लाकूड फुगलं किंवा आकसलं, तर आधी सांधा उघडावा, फळी चिरू नये, यासाठी ती योजना. हिंजवडी पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या बाजूला. जुलैत खिडकीबाहेर मुळशीकडून ढग खाली उतरतात आणि घरातला आर्द्रतामापक 85 च्या वर जाऊन बसतो. लाकूड पाणी ओढतं. पुढची फळी किंचित वर उचलली जाते, तिच्यावरची घोडी वर सरकते, तारा पट्टीपासून लांब जातात, बोटांना जास्त जोर लागतो. आवाज जड, ओला होतो. खुंट्या भोकांत फुगून बसतात आणि फिरत नाहीत. एप्रिलात सगळं उलटं. खुंट्या सैल होतात आणि रात्री कधीतरी एखादी तार सर्रकन सुटते.

उघडलेला सांधा आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. एखाद्या ठरावीक स्वराला, बहुतेक मधल्या तारांवर, बारीक झणझण सुरू होते. घाबरू नये. बोटाच्या पेराने कडेकडेने हलकं ठोकत जावं. जिथे सांधा धरलेला आहे तिथे ठक् असा भरीव आवाज येतो; जिथे सुटलाय तिथे पोकळ, फाटका. ती जागा खडूने खूण करून ठेवावी आणि कारागिराकडे न्यावी. घरातलं फेव्हिकॉल कधीही, कुठल्याही कारणासाठी लावू नये. तो सांधा मग पुढच्या वेळी उघडत नाही, आणि त्याच्याऐवजी फळी फाटते. माझ्या ओळखीतला एक सुरेख जुना चेलो असा कायमचा गेला. घरात 40 ते 60 टक्के आर्द्रता राखता आली तर उत्तम. डिह्युमिडिफायर घ्या, नाहीतर निदान पावसाळ्यात चेलो केसमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. वाजवून झालं की गजाचे केस सैल करा, तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसा. आपल्या हवेत राळ फळीवर चिकटून बसली की वॉर्निश घेऊनच निघते.

कारागीर हा खरा घोर. मिरजेत सहा-सात पिढ्यांपासून सतार आणि तानपुरे घडतात, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कधी सुकला, घोडीवर जवारी किती काढायची, हे तिथल्या हातांना कळतं. चेलोची घोडी कोरणं, साउंडपोस्ट आतून उभा करणं, वरची खाच एका कागदाएवढी खोल करणं, ही त्याच जातीची कामं आहेत. मला मनापासून वाटतं, की मिरजेतल्या एखाद्या तरुण कारागिराने चेलोची दुरुस्ती शिकावी. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक चेलोवादकाचे पाय त्याच्या दारात लागतील. आज मुंबई गाठावी लागते.

विकत घेण्याबद्दल. नवशिक्याचा चेलो 25-30 हजारांपासून मिळतो, पण त्या किमतीत बहुतेक वेळा प्लायवूडची फळी आणि कारखान्यात जशीच्या तशी बसवलेली घोडी मिळते. त्या घोडीवर तारा इतक्या उंच असतात, की बोटं सोलवटतात आणि माणूस समजतो आपल्यालाच जमत नाही. दोष वाद्याच्या बांधणीतला असतो, शिकणारा त्याची शिक्षा भोगतो. म्हणून माझा सल्ला असा: ठरवलेल्या पैशातले काही हजार बाजूला ठेवा आणि ते घोडी, खाच आणि तारांवर खर्च करा. चांगल्या तारांनाच 15 हजारांवर मोजावे लागू शकतात, आणि ते पैसे वाया जात नाहीत. मुलांसाठी पाव, अर्धा, पाऊण अशा मापांचे चेलो असतात. मूल वाढेल म्हणून मोठं माप घेऊन ठेवू नये, हात कायमचा आखडतो. कार्बन फायबरचे चेलोही निघाले आहेत. पावसाला ते दाद देत नाहीत, किंमत मात्र भारी. ज्याला ते परवडतात त्याने जरूर घ्यावेत. मला लाकडाची माया सुटत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. चेलोचा खालचा आवाज भिंतीतून नाही, जमिनीतून जातो. सळईखाली जाड रबर, त्याखाली सतरंजी, आणि रात्री घोडीवर म्यूट, एवढ्याने खालच्या मजल्यावरचं घर झोपू शकतं. पण रोज म्यूट लावून वाजवू नका. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो. दिवसातून अर्धा तास उघडं वाजवायची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवून घ्या. माझा अनुभव असा, की आधी सांगितलं तर लोक खूप उदार असतात. वरच्या मजल्यावरच्या आजी मला सकाळच्या लांब स्वरांबद्दल विचारायला आल्या होत्या. आमच्या घरी पूर्वी कुणीतरी असाच खर्ज भरायचं, म्हणाल्या.

तेच करायचं आहे. पहिले काही महिने मोकळ्या तारा, एकेक गज सावकाश, टोकापासून मुठीपर्यंत, आवाज कुठेही न फाटता. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज भरतो तो आवाज कमावण्यासाठी. चेलोवर उजवा हात तसाच कमवावा लागतो. ज्यांना परीक्षा हव्यात त्यांच्यासाठी ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या एक ते आठ ग्रेड आहेत, आणि मुलांना त्यांचा उपयोग होतो. मोठ्या माणसाने ग्रेडच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याकडे वेळ थोडा आहे. तो एका स्वरावर घालवलेला चांगला.

या पुस्तकाची मांडणी त्याच क्रमाने आहे. आधी तार लावणं, तेही तानपुऱ्याच्या आधाराने. मग गज. मग डावा हात, प्रथम यमन आणि भूपात, कारण त्या स्वरांचे अंदाज आपल्या कानात पक्के असतात. पाश्चात्त्य स्केल त्यानंतर. स्वरलिपी वाचायला मध्यावर सुरुवात होते. वाद्याची निगा, पावसाळा आणि खरेदी ही प्रकरणं स्वतंत्र आहेत. ती कधीही उघडून वाचावीत, शक्यतो मे महिना संपायच्या आत. शेवटचं प्रकरण बाखच्या पहिल्या स्वीटच्या सुरुवातीच्या प्रील्यूडवर आहे. तो वाजवायला काही वर्षं लागतील, पण त्याच्या पहिल्याच स्वराला चेलोची मोकळी तार लागते, आणि ती तुम्ही पहिल्या आठवड्यातच वाजवलेली असेल.

हिंजवडी, ता. मुळशी